बाटली घेण्याआधी

॥ श्री ॥

सातारा

चि. सौ. मृणाल हिस,


तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. पहिल्यात खोडव्याच्या पिवळ्या पडलेल्या सऱ्या, दुसऱ्यात कृषी सेवा केंद्राच्या फळीवर मांडलेल्या रंगीबेरंगी बाटल्या आणि खाली तुझा प्रश्न: 'मामा, यातलं कुठलं मारू?' फोनवर एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण तू पुण्याची नोकरी सोडून फलटणला शेती करायला आलीस, दावणीला दोन गाई बांधल्यास, घरात दोन वर्षांचं पोर आहे. हा प्रश्न तुला रानात पडला तसा गोठ्यात आणि स्वयंपाकघरातही पडणार. माझी सगळी नोकरी माती तपासण्यात गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर दोन बैठकांत वाच.

आधी मूळ गोष्ट. पिकाला सतरा अन्नद्रव्यं लागतात. त्यांतली आठ अगदी थोडी लागतात: लोह, जस्त, मँगनीज, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल. थोडी म्हणजे किती? एक किलो वाळलेल्या पाल्यात जस्त साधारण वीस मिलिग्रॅम असलं की पिकाचं भागतं. मॉलिब्डेनम तर मिलिग्रॅमचा दहावा भाग असला तरी पुरतं. पण तेवढंही नसलं तर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. आता गंमत बघ. थोड्यानं भागतं हे ऐकलं की काही जण तिकडे लक्षच देत नाहीत, आणि थोड्यानं चमत्कार होतो हे ऐकलं की काही जण बाटल्यांवर बाटल्या ओततात. दोघांचंही नुकसान ठरलेलं. मला तुला सांगायचंय ते एवढंच: काय कमी आहे ते आधी शोध, मग मोजून दे, आणि दिल्यावर थांब.

तुझ्या उसाकडे येऊ. फोटोत कोवळी, शेंड्याकडची पानं पिवळी आहेत आणि जुनी खालची पानं हिरवी. पिवळ्या पानातही शिरा हिरव्या राहिल्यात, त्यामुळे पान पट्ट्यापट्ट्यांचं दिसतंय. याला आपल्याकडे 'केवडा पडला' म्हणतात. नत्र कमी पडलं असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असती, कारण झाड नत्र जुन्या पानातून काढून नव्या पानाला देऊ शकतं. लोह तसं हलवता येत नाही. त्यामुळे लोहाची चणचण नेहमी नव्या पानावर दिसते. पिवळेपणा वरून सुरू झाला की खालून, एवढं पाहायची सवय लावलीस तरी दुकानदाराच्या निम्म्या सल्ल्यांतून सुटशील. अर्थात पानावरून अंदाज बांधावा, निकाल प्रयोगशाळेचाच.

आता तू म्हणशील, आपल्या काळ्या रानात लोह कमी कसं? कमी नाहीच. तुझ्या जमिनीत लोह भरपूर आहे. कोठार धान्यानं भरलेलं आहे, पण दाराला कुलूप आहे. कुलूप लावलंय चुनखडीनं. आपल्या भारी जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या पुढे असतो, आणि रसायनशास्त्राच्या हिशेबानं सामू एका अंकानं वाढला की पाण्यात विरघळणारं लोह हजारपटीनं घटतं. त्यात कालव्याचं पाणी हाताशी आहे म्हणून दर पाळीला सरी तुडुंब भरली की जमिनीतली हवा जाते, बायकार्बोनेट वाढतं आणि मुळ्यांना मिळेल तेवढं लोहही मिळत नाही. म्हणून तुझा पहिला उपाय दुकानात नाही. पाणी तोड, चर मोकळे कर, जमीन वाफशावर येऊ दे. पुष्कळदा एवढ्यानंच नवं पान हिरवं निघतं.

तेवढ्यानं भागलं नाही तर हिराकस घे, म्हणजेच फेरस सल्फेट. त्यात लोह एकोणीस टक्के असतं. खडे फिकट हिरवे असले पाहिजेत. तांबूस-पिवळे पडलेले असतील तर हवेनं त्यातलं लोह बिघडलंय, ते परत कर. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम, वर थोडं लिंबूसत्त्व, आणि ऊन उतरल्यावर फवारणी. द्रावण त्याच दिवशी संपव. पुढच्या लागणीला जमिनीतून द्यायचं तर नुसतं फेकू नकोस, चुनखडी ते गिळून टाकेल. आपल्याकडे उसाला हेक्टरी फेरस सल्फेट पंचवीस किलो, झिंक सल्फेट वीस किलो, मँगनीज सल्फेट दहा किलो आणि बोरॅक्स पाच किलो अशी शिफारस आहे. ही खतं दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा देऊन काही दिवस मुरवायची आणि मग सरीत टाकायची. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, म्हणून ते मुळीपर्यंत पोचतं. पण ही शिफारस ज्या रानात कमतरता आहे त्या रानासाठी आहे, सरसकट नाही.

तुझ्या फोटोतल्या महागड्या बाटलीवर 'चिलेटेड आयर्न' लिहिलंय. चिलेटेड वाईट नसतं. पण त्याखाली बारीक अक्षरात 'ईडीटीए' असेल तर ते आपल्या चुनखडीच्या जमिनीत सोडून फारसं हाती लागत नाही. इतक्या सामूला ते लोहाला धरून ठेवू शकत नाही. तिथे 'ईडीडीएचए' लागतं. फवारणीला मात्र ईडीटीए चालतं. आणि ज्या बाटलीवर कुठला घटक किती टक्के हे छापलेलं नाही, नुसतं 'जबरदस्त फुटवा' आणि 'भरघोस वजन' आहे, ती हातातही धरू नकोस.

मातीचा नमुना कसा घ्यायचा हेही सांगतो, कारण इथंच लोक सगळा घोळ घालतात. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला कर, वीस-बावीस सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घे आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी माती काढ. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती नको. सगळी एकत्र कर, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दे, असं करत अर्धा किलो उरव. सावलीत वाळव. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव: माती जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत गोळा करू नकोस, प्लास्टिकचं घमेलं घे, आणि गंजलेलं खुरपं वापरू नकोस. आपण मोजणार आहोत ते जस्त किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशात. बादलीचं जस्त मातीला लागलं की तुझी जमीन कागदावर श्रीमंत होते. खताच्या रिकाम्या पोत्यातही माती भरू नकोस.

अहवाल आला की दोन आकडे आधी पाहा. जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर जस्ताची कमतरता, लोह ४.५ च्या खाली असेल तर लोहाची. २०१५ पासून शासनाची मृद आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन हे सगळे असतात. ती पत्रिका घडी करून कपाटात ठेवायची गोष्ट नाही. जस्त कमी निघालं आणि झिंक सल्फेट जमिनीतून दिलं, तर ते दरवर्षी द्यायची गरज नसते. एकदा दिलेलं दोन-तीन हंगाम काम करतं. ते डीएपीसारख्या स्फुरदाच्या खतात मिसळून देऊ नकोस. स्फुरद आणि जस्त एकमेकांना बांधून टाकतात. वर्षानुवर्षं डीएपीचा मारा केलेल्या रानात जस्ताची तक्रार निघते ती पुष्कळदा यामुळेच.

पीक आजारी दिसलं की आपण बुरशीनाशक किंवा कीटकनाशक शोधायला धावतो. उत्तरेत तराईच्या भातावर 'खैरा' नावाचा रोग पडायचा, पानांवर तांबूस ठिपके येऊन रोपं खुजी राहायची. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातले यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली दाखवून दिलं की यात जंतू नाही, बुरशी नाही. जमिनीत जस्त कमी आहे. झिंक सल्फेट आणि चुन्याच्या फवारणीनं भात सुधारला. नेने स्वतः वनस्पतिरोगांचे अभ्यासक, म्हणजे जंतू शोधणं हा त्यांचा धंदाच. तरी त्यांनी जे नव्हतं ते ओढूनताणून शोधलं नाही.

आता गोठ्यात चल. इथं तुझी चूक होण्याची शक्यता जास्त आहे. तुला वाटेल, चारा हिरवागार आला म्हणजे गाईला सगळं मिळालं. तसं नसतं. पिकाची गरज आणि जनावराची गरज वेगळी. आयोडीन पिकाला लागतच नाही, गाईला आणि तुला लागतं. कोबाल्टचंही असंच, गवताला ते लागत नाही, गाईला लागतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये काही भागांत गुडघाभर गवतात मेंढ्या खंगून मरायच्या. लोक म्हणायचे रक्त कमी झालंय, लोह द्या. एका जातीच्या लोहमातीनं जनावरं बरी व्हायची, दुसरीनं नाही. १९३५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवूड आणि फिल्मर यांनी उलगडा केला: गुण लोहाचा नव्हताच, त्या मातीत भेसळीसारखं असलेल्या कोबाल्टचा होता. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव कोबाल्ट वापरून ब१२ जीवनसत्त्व तयार करतात. ते १९४८ साली वेगळं काढल्यावर कळलं की त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टच बसलेलं असतं. एक किलो सुक्या चाऱ्यात मिलिग्रॅमचा दहावा भाग कोबाल्ट असलं की भागतं. नसलं तर गवताच्या ढिगात जनावर उपाशी.

याच्या उलट गोष्ट इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातली. तिथल्या काही कुरणांत गाई चरल्या की हगवण लागायची, अंगावरच्या केसांचा रंग उडायचा. गवतात मॉलिब्डेनम जास्त होतं आणि ते शरीरातलं तांबं निकामी करत होतं. उपाय निघाला तो मोजून दिलेल्या मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा. जमिनीत जसं स्फुरद जस्ताला बांधतं, तसं पोटात मॉलिब्डेनम तांब्याला. एकाचा भरणा केला की दुसऱ्याचा तोटा होतो, हे सूत्र तुला सगळीकडे भेटेल.

म्हणून गाईंना रोज खनिज मिश्रण दे. पिशवीवर दुभत्या गाईची, भाकड गाईची आणि कालवडीची मात्रा वेगवेगळी लिहिलेली असते, तीच वाटी ठरवून ठेव. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर गाई ठेवू नकोस. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. जोडीला लसूणघास किंवा दुसरी द्विदल वैरण असावी. गाय उलटू लागली, वेळेवर माजावर येईना, वासरू खंगायला लागलं, तर आधी पशुवैद्यकाला दाखव. खनिजाची कमतरता हे त्याचं एक कारण असतं, एकमेव नव्हे. आणि उन्हाळ्यात तुझ्या रानात मेंढ्या बसवायला धनगर आले, तर प्रेमानं त्यांच्या मेंढ्यांपुढे गाईचं मिश्रण टाकू नकोस. गाईला मानवणारं तांबं मेंढीला विष ठरतं. ते यकृतात साठत राहतं, आणि एके दिवशी मेंढी कावीळ होऊन आडवी पडते.

आता स्वयंपाकघर. तुझ्या आईनं, म्हणजे माझ्या ताईनं, माळ्यावरची पितळी तपेली काढून तुला दिली, बाळाचं दूध त्यात तापवायला. ती तपेली शोभेला ठेव. याची कथा आपल्या पुण्याचीच आहे. भारतात लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार होता. एक ते तीन वर्षांची पोरं पोट फुगून, काविळीनं जायची. त्यांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं सापडायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांना तान्हेपणी काय आणि कशातून पाजलं याचा शोध घेतला. अंगावरचं दूध लवकर तोडून गाई-म्हशीचं दूध सुरू केलेलं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेलं, असं चित्र पुढे आलं. १९८३ साली त्यांनी ते 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. दुधातली प्रथिनं भांड्यातलं तांबं धरून ठेवतात, आणि तान्ह्या मुलाच्या यकृताला जादा तांबं बाहेर टाकणं जमत नाही. स्टीलची भांडी घरोघरी आली तसा हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. जुन्या बायका पितळेला कल्हई लावल्याशिवाय त्यात आंबट किंवा दूध ठेवत नसत. आता कल्हईवाला कुठे मिळतो? तांबं शरीराला लागतं हे खरं, पण ते डाळीतून, दाण्यातून पुरेसं मिळतं. बाळाला ते भांड्यातून द्यायची गरज नाही.

मीठ आयोडीनचंच घे. खडेमीठ किंवा सैंधव 'नैसर्गिक' म्हणून आणलंस तर बाकी काही बिघडणार नाही, पण त्यात पुरेसं आयोडीन नसतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सत्तर वर्षांच्या आयुष्याचं सगळं मिळून चार ग्रॅमही भरत नाही. पण ते रोज मिळावं लागतं, एकदम घेऊन साठवता येत नाही. गरोदरपणी ते कमी पडलं तर फटका पोटातल्या बाळाच्या मेंदूला बसतो. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ, एकाला साधं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंड झपाट्यानं कमी झाला, तिसऱ्यात तसा झाला नाही. १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हे काम होतं. मिठाची बरणी झाकणाची ठेव आणि शेगडीपासून लांब. उष्णतेनं आणि ओलाव्यानं आयोडीन उडतं.

लोह आणि जस्त यांचं स्वयंपाकघरातलं दुखणं तुझ्या रानासारखंच आहे: ताटात असतं, अंगी लागत नाही. धान्यात आणि डाळीत फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो दोघांनाही धरून ठेवतो. डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणच्या शिराझला गेले, तेव्हा त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक रुग्ण आला, दिसायला दहा वर्षांचा पोरगा. खाणं काय, तर बिनखमिराची रोटी आणि चक्क माती. अशा रुग्णांच्या अभ्यासातून माणसालाही जस्त लागतंच हे जगाला कळलं. आपल्या आज्यांनी मटकीला मोड आणले, आंबील आंबवली, त्यानं फायटेट कमी होतं. पोह्यांवर लिंबू पिळ, जेवणाबरोबर आवळ्याची फोड घे, लोह अंगी लागेल. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको. त्यातलं टॅनिन लोह अडवतं. बाजरी पेरणार असशील तर धनशक्ती वाणाचा विचार कर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं २०१२ साली ते महाराष्ट्रासाठी आणलं, दाण्यात लोह जास्त असावं म्हणूनच.

बाळाला जुलाब झाले तर डॉक्टर ओआरएसबरोबर जस्ताचं औषध देतील. जुलाब थांबले म्हणून ते मध्येच बंद करू नकोस, सांगितले तेवढे दहा ते चौदा दिवस पुरे कर. पण स्वतःच्या मनानं 'प्रतिकारशक्ती'साठी महिनोन् महिने जस्ताच्या गोळ्या घेणारेही मी पाहतो. जास्त जस्त तांब्याचं शोषण अडवतं आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो. पुन्हा तेच सूत्र. लोहाच्या गोळ्याही रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तेवढ्याच, आणि बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी. चार-सहा गोळ्या गिळल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पिण्याला वापरणार असाल तर फ्लोराइड तपासून घे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात आणि पुढे हाडं जातात. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडकडच्या कित्येक गावांनी ते सोसलंय.

तेव्हा आता क्रम ठरव. आधी सरीचं पाणी तोड. मग मातीचा नमुना प्रयोगशाळेत दे. अहवाल येईपर्यंत केवडा वाढत असेल तर हिराकशीची एक फवारणी कर, पण फक्त पिवळ्या सऱ्यांवर, आणि एक सरी मुद्दाम तशीच सोड, म्हणजे फरक फवारणीनं पडला की पाणी तोडल्यानं ते तुला कळेल. गाईंच्या मिश्रणाची वाटी ठरव. पितळी तपेली माळ्यावर परत. दुकानातली बाटली अहवाल हाती आल्यावर, आणि त्यात जे कमी निघेल त्याचीच. जिथं पुरेसं आहे तिथं पैसे टाकू नयेत, आणि हात तर मुळीच सैल सोडू नये.

अहवाल आला की फोटो पाठव. जावईबापूंना आशीर्वाद, बाळास पापा.

तुझा,
मामा